चिवड्याचा टेम्पो आणि क्वांटम संगणक

प्रश्न : रावपुऱ्यातून आमचा चिवडा रोज मांडवी, मांजलपूर, मकरपुरा अशा वीस दुकानांत टेम्पोने जातो. क्वांटम संगणक सगळे मार्ग एकदम तपासून सर्वांत कमी वेळाचा मार्ग सांगतो म्हणे. खरं का?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : नाही. वीस दुकानांचे क्रम मोजले तर 19 आकडी संख्या येते आणि क्युबिट (क्वांटम संगणकाचे माहितीचे मूळ घटक) ते सगळे एकत्र मांडूही शकतात. पण उत्तर वाचायला मापन केलं की हाती एकच क्रम लागतो, तोही डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तसा कुठलाही. क्युबिटमधल्या शक्यता लहरींसारख्या वागतात; त्यामुळे चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना खोडून काढतील आणि बरोबर उत्तराची लहर वाढेल, अशी रचना आधी करावी लागते. ती मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे.

तुमचाच हिशेब घ्या. ग्रोव्हर यांची 1996 ची क्वांटम शोधपद्धत सगळे क्रम चाळायला लावली, तर सुमारे 122 कोटी फेऱ्या लागतील आणि प्रत्येक फेरीत अख्ख्या मार्गाची बेरीज. साध्या संगणकावरची 1962 ची हेल्ड-कार्प पद्धत दुकानांच्या गटागटांची उत्तरं साठवत पुढे जाते. तिला फार तर 42 कोटी बेरजा-तुलना आणि शंभरेक मेगाबाइट मेमरी पुरते. घरचा लॅपटॉप हे काही सेकंदांत करेल. फक्त 21 × 21 च्या तक्त्यात किलोमीटर न भरता मिनिटं भरा. मांडवीच्या गर्दीत तीच महत्त्वाची.

त्यातून आजचे क्युबिट चुकतात. हजार क्रियांत एखादी चूक धरली, तरी काही हजार क्रियांत उत्तर गढूळ होतं. म्हणून एका भरवशाच्या क्युबिटमागे शेकडो क्युबिट खर्ची पडतात.

खरी आशा आहे ती रसायनशास्त्रात. बडोद्याच्या खत कारखान्यात अमोनिया 400-500 अंशांवर, प्रचंड दाबाखाली बनतो. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांतले जीवाणू तेच काम शेताच्या तापमानाला करतात. त्यांच्या विकरातल्या (एन्झाइममधल्या) लोह-मॉलिब्डेनमच्या गाभ्यात इलेक्ट्रॉन इतके गुंतलेले असतात, की साध्या संगणकावर त्यांचा अचूक हिशेब फार अवघड जातो; क्वांटम संगणकाला तो जमेल, ही आशा.

प्रश्न : बँकेचं कुलूप मात्र फुटेल ना?

उत्तर : आरएसए हे कुलूप, म्हणजे मजकूर गुप्त ठेवणारी एक सांकेतिक पद्धत, शोर यांच्या 1994 च्या क्वांटम पद्धतीने फुटू शकतं. मात्र 2025 च्या एका अंदाजानुसार त्याला दहा लाखांच्या आतबाहेर क्युबिट काही दिवस सलग चालवावे लागतील. एवढं मोठं यंत्र आज नाही. पण आज चोरून साठवलेला मजकूर उद्या उघडता येईल, म्हणून अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट 2024 मध्येच नव्या कुलपांची मानकं जाहीर केली. एईएस-256 या दुसऱ्या प्रकारच्या सांकेतिक कुलपाला धक्का नाही.