स्कॅन नॉर्मल, मग त्रास का संपत नाही?

वाचकांचे प्रश्न : डोक्याला मार लागल्यानंतरचे आठवडे

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. पाच आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरले, डोकं भिंतीवर आपटलं. टेंगूळ आलं, बाकी काही नाही. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. गेले चार दिवस चालताना डावीकडे झोक जातो, बोलताना शब्द सापडत नाहीत. वयामुळे असेल का?

उत्तर : वयावर ढकलू नका. आजच रुग्णालयात न्या आणि सीटी स्कॅन करून घ्या. (या वाचकांना त्याच दिवशी कळवलं आहे, इतरांच्या घरीही हे घडू शकतं, म्हणून उत्तर सर्वांत आधी छापत आहोत.) उतारवयात मेंदू किंचित आकसतो, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. साध्या आपटण्यानेही त्यातली एखादी फुटते, रक्त हळूहळू साचतं आणि काही आठवड्यांनी मेंदूवर दाब येतो. मार लागला त्या दिवशीचा स्कॅन नॉर्मल असला तरी हे होऊ शकतं. वेळेत सापडलं तर कवटीला लहान छिद्र पाडून साचलेलं रक्त काढता येतं. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. तिचं नाव, मिलिग्रॅम आणि शेवटची कधी घेतली, एवढं कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.

प्रश्न : कपाटाच्या उघड्या दारावर डोकं जोरात आदळलं. शुद्ध गेली नाही, दिवसभर कामही केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं जड झालं, मळमळायला लागलं, उजेड सहन होईना. स्कॅन नॉर्मल आला. मग हे काय आणि इतक्या उशिरा का?

उत्तर : हे कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा असण्याची शक्यता मोठी आहे. बहुतेकांची शुद्ध जातच नाही, त्यामुळे 'बेशुद्ध पडलो नाही, म्हणजे काही झालं नाही' हा समज चुकीचा. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाडाला गेलेला तडा दिसतो. कन्कशनमध्ये बिघाड असतो तो पेशींच्या कामकाजात. हादऱ्याने पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं, कॅल्शियम आत शिरतं. हा तोल परत आणायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. ही तूट जाणवायला काही तास, कधी दोन-तीन दिवस लागतात. बऱ्याचदा नेहमीच्या कामाचा ताण पडला की मगच ती उघडी पडते.

बहुतेक प्रौढ सुमारे दोन आठवड्यांत बरे होतात, मुलांना चार आठवडेही लागतात. मात्र डोकेदुखी सतत वाढत जाणं, वारंवार उलट्या, झटके, हातपाय लुळा पडणं, जड जीभ, दोन डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणं, वाढती गुंगी, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव यांतलं एकही लक्षण दिसलं, तर नॉर्मल स्कॅनच्या भरवशावर न राहता तातडीने परत जा.

प्रश्न : वय ३०. तीन आठवडे पडदे ओढून खोलीत आहे. मोबाइल नाही, वाचन नाही. तरी दहा मिनिटं चाललं की डोकं ठणकतं. अजून किती विश्रांती घेऊ?

उत्तर : डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी विश्रांती सांगितली नसेल, तर ही अंधारातली विश्रांती थांबवा. पहिले २४ ते ४८ तास हलकी विश्रांती आणि कमीत कमी स्क्रीन, इतकंच हवं. त्यापुढे अंथरूण धरून राहिलं की दमसास घटतो, झोप बिघडते आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना साधा उजेडही टोचतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०३ किशोरवयीन खेळाडू होते. ज्यांना मोजून-मापून चालण्या-धावण्याचा व्यायाम दिला, त्यांच्यातले निम्मे १३ दिवसांपर्यंत बरे झाले. ज्यांना फक्त स्ट्रेचिंग दिलं, त्यांच्यातल्या निम्म्यांना १७ दिवसांपर्यंत वेळ लागला.

मोजून-मापून म्हणजे कसं, ते पाहू. आधी आत्ताच्या त्रासाला ० ते १० मधला आकडा द्या. मग सावकाश चालायला लागा किंवा घरात उभ्या केलेल्या सायकलवर बसा. दर दोन मिनिटांनी वेग थोडा वाढवा आणि नाडी मोजा (१५ सेकंदांचे ठोके गुणिले ४). त्रास दोन अंकांहून जास्त वाढला की थांबा आणि त्या वेळची नाडी लिहून ठेवा. समजा ती १३० भरली. तिचे ८० ते ९० टक्के म्हणजे १०४ ते ११७. रोज २० मिनिटं नाडी याच पट्ट्यात ठेवून व्यायाम करा आणि आठवड्याने चाचणी पुन्हा घ्या. पट्टा हळूहळू वर सरकेल. पहिली चाचणी फिजिओथेरपिस्टसमोर झाली तर उत्तम, निदान सोबत कुणीतरी असावं. हृदयविकार असेल किंवा नाडी मंद करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. मान दुखत असेल तर सायकल बरी, तिच्यावर डोक्याला धक्के बसत नाहीत.

व्यायामाने त्रास एक-दोन अंकांनी वाढून तासाभरात उतरला तर बिनघोर चालू ठेवा, त्याने मेंदूला इजा होत नाही. त्याहून जास्त वाढला किंवा तासाच्या पुढे टिकला तर दुसऱ्या दिवशी मात्रा कमी करा, बंद करू नका. सर्वाधिक नुकसान होतं ते बरं वाटलेल्या दिवशी तुंबलेली सगळी कामं उरकण्याने, कारण पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. बऱ्या दिवशीही ठरलेलीच मात्रा घ्या. वाचन आणि स्क्रीनलाही हाच नियम लावा : १५ मिनिटांपासून सुरुवात करा आणि डोकं ठणकायच्या आधी उठा.

प्रश्न : मार लागून अडीच महिने झाले. अंथरुणात उजवीकडे कूस वळवली की खोली गरगर फिरते. शिवाय गर्दीतून चालताना अस्थिर वाटतं. चक्करच्या गोळ्या चालूच आहेत.

उत्तर : हे दोन वेगळे त्रास आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे. कुशीवर वळताना गरगरणं आणि मिनिटाच्या आत थांबणं, ही आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागचे सुटल्याची खूण. गोळीने खडे जागेवर जात नाहीत. कानाचे डॉक्टर किंवा या कामाचे जाणकार फिजिओथेरपिस्ट तुम्हाला झटकन आडवं करून डोळ्यांची हालचाल पाहतात. निदान झालं की इप्ली नावाची हालचाल करतात. डोकं दोषी कानाकडे ४५ अंश वळवून, मान किंचित मागे लोंबेल असं झोपवायचं. मग डोकं ९० अंश दुसरीकडे. मग त्याच कुशीवर वळून नाक जमिनीकडे. मग उठून बसायचं. प्रत्येक स्थितीत ३० ते ६० सेकंद थांबायचं. अनेकांना एक-दोन बैठकांतच आराम पडतो. मानेला मार लागला असेल तर घरी करून पाहू नका, आणि कुठला कान दोषी हे ठरल्याशिवायही नको.

गर्दीतली अस्थिरता येते ती डोळे आणि कान यांचा मेळ बिघडल्याने. भिंतीवर हातभर अंतरावर एक ठळक अक्षर चिकटवा. नजर त्यावर रोखून डोकं डावी-उजवीकडे हलवा. वेग इतकाच ठेवा की अक्षर पुसट होणार नाही. ३० सेकंद, दिवसातून तीनदा. थोडी चक्कर येईल, ती यायलाच हवी, कारण मेंदू तीतूनच जुळवून घेतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या काही दिवसांपुरत्या ठीक, पण महिनोन्‌महिने घेतल्या तर हे जुळवून घेणंच लांबतं. डॉक्टरांशी बोलून कमी करा. मान वळवल्यावर चक्कर येते तोवर गाडी चालवू नका.

प्रश्न : तीन महिन्यांपासून जवळजवळ रोज डोकेदुखीची गोळी घेते. गोळी उतरली की पुन्हा दुखतं.

उत्तर : आता गोळीच दुखणं टिकवत असेल. साधं वेदनाशामक महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा मिश्र गोळ्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की औषधजन्य डोकेदुखी सुरू होऊ शकते. कॅलेंडरवर दुखण्याचा दिवस आणि गोळीचा दिवस वेगवेगळ्या खुणांनी टिपा, आणि ते न्यूरॉलॉजिस्टना दाखवून गोळ्या कमी करण्याचा आराखडा ठरवा. सुरुवातीला दुखणं काही दिवस वाढतं, म्हणून त्या काळासाठी पर्यायी औषध आधीच ठरवून घ्या. दुखणं मानेपासून वर चढत असेल तर मान तपासून घ्या. वाचतानाच दुखत असेल, ओळी एकमेकींत मिसळत असतील, तर पेनाचं टोक हळूहळू नाकाकडे आणा. पेन नाकापासून सुमारे सहा सेंटिमीटरहून दूर असतानाच दोन टोकं दिसू लागली तर दोन्ही डोळे जवळ वळत नाहीत. चष्म्याच्या नेहमीच्या तपासणीत हे निसटतं, मुद्दाम तपासायला सांगा.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मिस्टर दुचाकीवरून पडले. आता सारखे चिडतात, पहाटे दोनला जागे होतात. दोन माणसं एकदम बोलली की गोंधळतात. सासूबाई म्हणतात, त्याने मनावर घेतलंय.

उत्तर : ते नाटक करत नाहीत, आणि हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. भीती आणि उदासी हा त्रास लांबवतात, हेही खरं. म्हणून भीती-उदासीवरही उपचार करायचे असतात. झोपेपासून सुरुवात करा. रोज उठण्याची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप अर्ध्या तासापुरती. दुपारनंतर कॅफीन नको, दारू तर अजिबात नको. घरात गॉगल आणि कानात बोळे घालून बसू नये, त्याने उजेड आणि आवाज अधिकच टोचतात. ऑफिसात काही आठवडे अर्धा दिवस, एका वेळी एकच काम आणि सूचना लेखी मिळाव्यात, असं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मागून घ्या. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नकोसं झाल्याचं बोलले तर त्याच दिवशी, आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, फुटबॉल खेळतो. मैदानावर कधी पाठवू?

उत्तर : आधी शाळेचा पूर्ण दिवस त्रासाविना जमू दे. मग सहा पायऱ्या : (१) रोजची हालचाल, (२) हलका, पुढे मध्यम व्यायाम, (३) एकट्याने धावणं आणि चेंडू पायाशी खेळवणं, (४) धक्का न लागणारा संघासोबतचा सराव, (५) पूर्ण सराव, (६) सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्या. चौथ्या पायरीआधी धावतानाही काहीच त्रास होत नसावा. चौथीपासून पुढे कुठेही त्रास परतला तर तिसरीवर या. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर बरं व्हायला खूप लांबतं आणि क्वचित जिवावरही बेततं. म्हणून हेडिंग (डोक्याने चेंडू मारणं) आणि टॅकलिंग (अंगावर जाऊन चेंडू हिसकावणं) डॉक्टरांची लेखी परवानगी हातात आल्यावरच, सामना कितीही महत्त्वाचा असला तरी.