मुलगी धर्मांचा अभ्यास करायचा म्हणते

प्रश्न : मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने तौलनिक धर्माभ्यासाचा पेपर घेतलाय आणि आता एमएही त्यातच करायचं म्हणते. आमचं घर श्रद्धाळू आहे. चिकित्सा करता करता तिची श्रद्धाच उडाली तर? आणि या विषयावर तिला नोकरी कोण देणार? – एक आई

उत्तर : ताई, नोकरीचं नंतर बोलू. तुमचा जीव खरा अडकलाय तो पहिल्या प्रश्नात.

धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सरकारी शाळांतलं बायबलचं सक्तीचं पठण घटनाबाह्य ठरवलं. पण धर्मांचा वस्तुनिष्ठ अभ्यास शिक्षणात असायला हरकत नाही, हेही त्याच निकालात सांगितलं. पुढे १९६७ मध्ये धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठात याच धर्तीवर विभाग उभा केला. विधी, कथा, तत्त्वज्ञान, नीती, संस्था, अनुभव अशा सगळ्या अंगांनी धर्म समजून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. ती शिकायला कुठल्या धर्माचं असावं लागत नाही, आणि असलेला सोडावाही लागत नाही.

वर्गात हे कसं दिसतं, सांगते. श्रद्धाळू विद्यार्थी पहिल्या निबंधात हमखास लिहितो, ‘आम्ही मानतो.’ प्राध्यापक ते खोडून लिहितात, ‘या परंपरेत असं मानतात.’ एवढ्याशा खाडाखोडीने काही मुलं दुखावतात. पण पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या धर्माबद्दल लिहिताना ‘ते लोक उगाच मानतात’ यातला ‘उगाच’सुद्धा तसाच खोडला जातो, तेव्हा त्यांना या शिस्तीचा अर्थ कळतो. प्राध्यापकच कुणाच्या श्रद्धेची टिंगल करत असतील, तर मात्र तिने गप्प बसू नये, विभागप्रमुखांशी बोलावं. आणि सणाच्या दिवशी परीक्षा येत असेल, तर वेळापत्रक लागताच लेखी अर्ज द्यावा. आयत्या वेळी कुणाला काही करता येत नाही.

श्रद्धा बदलणार नाही, अशी हमी मी देणार नाही. विशीतल्या मुलीची श्रद्धा कुठलाही विषय घेतला तरी हलते, कधी उलट पक्कीही होते. मनात आलेली शंका तिला घरी बोलून दाखवता येईल ना, एवढं तुम्ही पाहा.

आता नोकरी. नुसत्या या पदवीवर नोकऱ्या थोड्या आहेत, हे स्पष्टच सांगते. अध्यापन-संशोधनात जायचं तर पीएचडी करावी लागेल. पण पत्रकारिता, कायदा, समाजकार्य, संग्रहालयं, आरोग्यसेवा यांच्या जोडीला हे ज्ञान मोलाचं ठरतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी परिचारिका आहे. तिच्या वॉर्डातली एक आजी रोजची कॅप्सूल उशीखाली लपवायची. सगळे तिला हट्टी म्हणत होते. हिने कॅप्सूलचं वेष्टन कशाचं असतं ते सांगून विचारलं, “आजी, म्हणून घेत नाही का?” ते जिलेटिनचं, म्हणजे बहुतेकदा प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनलेलं. आजींनी होकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी तेच औषध गोळीत दिलं. रोजे धरणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या औषधाच्या वेळा, रक्त चढवून घ्यायला नकार देणारे ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे लोक, असे प्रसंग रुग्णालयात येतात. तिथे धर्माची जाण असलेलं माणूस लागतंच.

म्हणून एमएला प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम मागवून घ्या. मूळ ग्रंथ वाचून घेतात की फक्त त्यांच्यावरची पुस्तकं? क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन केलेला अभ्यास, आहे का? किमान दोन-तीन परंपरा सखोल शिकवतात का? आणि संस्कृत, पाली, अरबी, हिब्रू यांपैकी एखादी भाषा तिला याच सुट्टीत सुरू करू दे. भाषा जमायला वेळ लागतो, आणि ती येत नसेल तर संशोधन अनुवादांपाशीच अडतं.