बंदरावरच्या बोट दुरुस्ती यार्डातून पावसाबरोबर तेल-रंग समुद्रात जातो म्हणून नोटीस आली, कोणता ऑइल सेपरेटर बसवू?

तुम्ही लिहिलंय की जेट्टीला लागून यार्ड आहे, इंजिनची कामं आणि बोटीच्या बुडाचा रंग दोन्ही तिथेच होतं, प्रदूषण मंडळाची नोटीस आलीय आणि एकाने सेपरेटरचं, म्हणजे पाण्यातून तेल वेगळं करणाऱ्या टाकीचं, कोटेशन दिलंय. तर पहिलं सांगते, ते कोटेशन सध्या ड्रॉवरमध्ये ठेवा. सेपरेटर विकणाऱ्याला तुमच्या यार्डाची जमीन दिसत नाही, त्याला फक्त चेंबरची जागा दिसते. हे मी रागाने लिहितेय असं वाटेल, तर हो, थोडा राग आहे, कारण आमच्या घरात याच गोष्टीवरून कितीतरी पावसाळे वाद चाललाय.

आमचं यार्ड रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या तोंडाशी आहे, सासऱ्यांनी उभं केलेलं. मी केमिस्ट्रीची बीएस्सी, लग्न होऊन आले आणि हिशोबाची वही हातात आली, मग हळूहळू यार्डही बघायला लागले. जमिनीला उतार खाडीकडे, असायलाच हवा, नाहीतर बोटी विंचने वर ओढणार कशा. पण ज्या उताराने बोट वर येते त्याच उताराने पाणी खाली जातं, आणि पाण्याबरोबर जमिनीवर पडलेलं सगळं.

त्यात आपल्याकडे वेळापत्रकच असं आहे की विचारू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. म्हणजे मेच्या शेवटी सगळे नाखवा एकदम बोटी वर घेतात, काही शाकारून ठेवायच्या असतात, काहींचं काम पाऊस लागायच्या आत उरकायचं असतं. घासकाम, फायबर, इंजिन उतरवणं, सगळं त्याच पंधरवड्यात. बुडाचा जुना रंग ग्राइंडरने उडवला की लालसर चुरा सगळ्या अंगणभर. आणि नेमका तेव्हाच वळवाचा पाऊस येतो. वर्षभराची सगळ्यात जास्त घाण जमिनीवर आणि वर्षातला पहिला पाऊस, दोघांची गाठ एकाच आठवड्यात पडते. जुलैच्या मध्यात कितीही कोसळला तरी तेव्हा धुवून जायला फार काही उरलेलंच नसतं, जे जायचं ते पहिल्या दोन-तीन सरींत गेलेलं असतं.

खाडीत समोरच्या खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका येतात. त्यातली एक, वयाने माझ्या आईएवढी, एकदा पाटी घेऊन थेट ऑफिसच्या दारात आली आणि म्हणाली, "वयनी, कालवांना राकेलचा वास मारतोय, बाजारात परत करतात." मी एक फोडून हुंगलं, खरंच येत होता. मी दिरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, समुद्र आहे तो, त्याला काय होतंय." वर २०१० चं उदाहरण, मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं टकरली, शेकडो टन तेल गेलं, तरी समुद्र आहे तिथेच आहे, आपल्या डबाभर ऑइलने काय बिघडणार. या वाक्याचा मला अजून राग येतो. त्या अपघाताचं तेल गोळा करायला तटरक्षक दल उतरलं होतं. आमच्या यार्डाचं गोळा करायला कोण येणार होतं? एक लिटर तेल पाण्यावर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, जाडीने पसरलं तर हजार चौरस मीटर झाकतं, आमच्यासमोरचा कालवांचा खडक त्याच्यापेक्षा लहान आहे.

आणि तेल निदान दिसतं तरी, वास तरी येतो. बुडाचा रंग त्याहून वाईट. टीबीटी, म्हणजे ट्रायब्युटिलटिन हे कथलाचं विषारी संयुग, असलेले रंग जहाजांना लावायला आंतरराष्ट्रीय कराराने २००८ पासून बंदी आहे, त्यांच्या जागी आता बहुतेक तांब्याचे रंग आहेत, क्युप्रस ऑक्साइड. ते बनवलेच आहेत बुडाला चिकटणारे शिंपले मारायला, मग खडकावरची कालवं त्यातून सुटतील कशी? अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या तांब्याचा निकष थोड्या वेळच्या संपर्कासाठी लिटरला ४.८ मायक्रोग्रॅम ठेवलाय, मिलिग्रॅम नाही, मायक्रोग्रॅम. फ्रान्समध्ये आर्काशाँच्या खाडीत सत्तरच्या दशकाच्या शेवटी टीबीटीने कालवांची शेती पार झोपली होती, शिंपा वेड्यावाकड्या, पिल्लंच धरेनात, तेव्हा १९८२ मध्ये त्यांनी लहान बोटींवर तो रंग बंद केला. ही गोष्ट मी जेवताना सांगितली होती. सासरे ऐकत होते, दीर उठून गेले.

मग आम्हालाही तुमच्यासारखाच कागद आला आणि दिरांनी एक कन्सल्टंट आणला. त्याने यार्डाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, धक्क्याला चिकटून, तीन कप्प्यांचा चेंबर बांधायला लावला. मी तेव्हाच म्हटलं होतं की आधी छप्पर करूया, कामाची जागा कोरडी ठेवूया, आणि चेंबर केलाच तर आधी उधाणाची पातळी बघूया. "वहिनी, इंजिनीअर तो आहे." चेंबर झाला. तुम्ही स्वतः हिशोब करा. सहाशे चौरस मीटरचं यार्ड, दिवसात १०० मिलिमीटर पाऊस, जो आपल्याकडे काही नवलाचा नाही, म्हणजे साठ हजार लिटर पाणी, आणि ते काही चोवीस तासांत वाटून येत नाही, तासा-दोन तासांत येतं. सेपरेटरमध्ये तेल वर यायला पाणी संथ उभं राहावं लागतं. तिथे धबधबा चालू होता. पुढे अमावास्येचं उधाण आलं, बाहेर जाणाऱ्या पाइपातून खाडीचं पाणी उलटं आत शिरलं, चेंबर भरला आणि कप्प्यात जे काही तेल जमलं होतं ते झाकणावरून तरंगत एकगठ्ठा बाहेर. एवढे दिवस थेंब थेंब गेलं असतं ते एका सकाळी गेलं. आणि पाण्यात विरघळलेलं तांबं तर त्या चेंबरने जराही धरलं नसतं, विरघळलेला धातू तरंगत नाही.

त्यावर एका माणसाने उपाय काढला, तेलावर कपड्याची पावडर टाकून झाडूने घासायचं. तवंग जातो, दिसायला स्वच्छ. हे कधी करू नका आणि कुणाला करू देऊ नका. साबणाने तेल जात नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं, मग अशा साध्या सेपरेटरला ते वेगळं करता येत नाही.

पुढच्या हंगामाआधी सासऱ्यांनी छपराचे पैसे माझ्या हातात दिले. घासकामाची आणि इंजिनची जागा पत्र्याखाली घेतली. पत्रा रंगीत घ्या, साध्या जस्ती पत्र्यावरून पाण्याबरोबर जस्त उतरतं. पन्हळीचं पाणी वेगळ्या पाइपाने थेट खाली सोडलं, ते स्वच्छ असतं, त्याला यार्डातून फिरवून घाण करायची गरज नाही. रस्त्याच्या बाजूने जे पाणी आत यायचं त्याला वर सिमेंटचा उंचवटा घालून बाजूच्या चरात वळवलं. एवढ्यानेच घाणीला लागणारं पाणी निम्म्याहून कमी झालं, अजून एक रुपयाचं मशीन आणलं नव्हतं. बुडाखाली ताडपत्री, ग्राइंडरला धूळ ओढणारी पिशवी, इंजिनखाली ट्रे. जळक्या ऑइलचे ड्रम छपराखाली, ड्रम फुटला तरी तेल आतच राहावं म्हणून दोनशे लिटरच्या ड्रमभोवती निदान दोनशेवीस लिटर मावेल असा कट्टा. ते ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांप्रमाणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि परवानाधारक रीसायकलरलाच द्यायचं, पावती घ्या. भट्टीवाल्याला किंवा लाकडाला लावायला मागणाऱ्याला देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. तेल टिपलेला भुसा आणि बुडाचा चुराही त्याच कचऱ्यात, उकिरड्यावर नाही.

पण खरा बदल यापैकी कशाने झाला नाही, तो झाला मजुरीने. आमच्याकडे घासकाम उक्तं द्यायची पद्धत होती, बोटीमागे इतके. उक्त्या कामात झाडू बसत नाही. माणूस बोट संपवून पुढच्या बोटीकडे जाणार, त्याचं पोट त्यावर आहे, त्याला दोष देऊन काय उपयोग. मी रोजच्या शेवटचा अर्धा तास झाडायचा ठरवला आणि त्याचे वेगळे पैसे लावले, मेमध्ये तर आभाळ भरून आलं की हातातलं काम टाकून आधी झाडणं. दीर म्हणाले झाडायचे पैसे कोण देतं. आपण देतो. चेंबरला जेवढे घातले त्याच्यापुढे हे काहीच नाही.

आणि बरण्या. अमेरिकेत १९८७ च्या कायदादुरुस्तीनंतर कारखान्यांच्या पावसाच्या पाण्यालाही परवाना लागतो, बोट यार्ड आणि बंदरावरचे धंदे त्यात येतात, आणि त्यात एक फार साधी गोष्ट आहे. पाणी वाहायला लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात पारदर्शक बाटलीत नमुना घ्यायचा आणि रंग, वास, तवंग, गाळ बघायचा. लॅब नाही, काही नाही. मी काचेच्या बरण्या घेतल्या, तारीख चिकटवली, ऑफिसच्या खिडकीत ओळीने ठेवल्या. छपराआधीची आणि नंतरची बरणी शेजारी शेजारी बघितल्यावर सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी चेंबरच्या पाइपाला फ्लॅप व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी पण उलटं आत न घेणारी झडप, मागवला. मंडळाचे अधिकारी आले तेव्हा त्यांनीही आधी बरण्याच बघितल्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं. सेपरेटर अजिबात नको असं माझं म्हणणं नाही, हे आधी लिहायला हवं होतं. इंजिनचे पार्ट किंवा बिल्ज, म्हणजे बोटीचा आतला तळ जिथे तेलकट पाणी साचतं, धुवायची जागा असेल, डिझेल भरायचा पंप असेल, तर तिथे हवाच, पण फक्त त्या छपराखालच्या जागेपुरता, सगळ्या यार्डाच्या पावसासाठी नाही. लहान पुरतो, स्वस्त पडतो. उधाणाच्या पातळीच्या वर बसवा, आधी एक पौर्णिमा-अमावास्या धक्क्याच्या भिंतीवर खूण करून बघा. तेल उपसायला माणूस ठरवून द्या, नाहीतर तो नुसता खड्डा आहे. लोखंडी बोटींचं ब्लास्टिंग, म्हणजे वाळूसारख्या कणांचा मारा करून गंज-रंग उडवणं, करत असाल किंवा शेजारी कोळसा-खनिजाचे ढीग असतील तर गोष्ट मोठी आहे, तिथे गाळ बसायला तळं लागतं, त्याला जाणकार माणूस लागेलच. मच्छीच्या धक्क्याचं वेगळंच, तिथे रक्ताचं पाणी आणि कोळंबीची सालं, त्याला हे काही लागू नाही.

नोटीसला उत्तर मात्र मुदतीत द्या, लेखी द्या, मंडळाच्या संमतीपत्राची प्रत, ऑइलच्या पावत्या आणि फोटो जोडून. काय केलं आणि काय कधी करणार, तारखांसकट. आणि आमचे दीर हे वाचतातच, त्यांच्यासाठी: भाऊजी, मागच्या भिंतीलगत रंगाची रिकामी डबडी अजून उघडीच पडलीयेत, वळवाच्या आत ती कोण उचलणार ते या रविवारी ठरवू.