शेंडेनक्षत्रासाठी मांडव घातला, आणि ते आलंच नाही तर?

प्रश्न : काका, दिवाळी अंकासाठी गोष्ट लिहितेय. वेधा नावाचा काल्पनिक ग्रह, त्याला दोन चंद्र, आणि तिथे दर साठ वर्षांनी एक धूमकेतू येतो. पुजारी म्हणतात अपशकुन, शास्त्रज्ञ विरोधात. पहिल्याच पानावर तो सर्रकन आकाशातून जातो आणि लोक घाबरतात. पटेल का हे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अगं सर्रकन जाते ती उल्का! धूमकेतू, म्हणजे आपलं शेंडेनक्षत्र, कधीकधी महिनाभर दिसतो, रोज ताऱ्यांमधून थोडासा सरकतो एवढंच, म्हणजे पुजाऱ्यांना अर्थ लावायला भरपूर वेळ आहे.

मला खरी गडबड अपशकुनात वाटते. ग्रहण पंचांगात आधीच छापलेलं असतं, धूमकेतू नसायचा. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत सरळ लिहून टाकलंय की केतूंचा, म्हणजे धूमकेतूंचा, उदय-अस्त गणिताने कळत नाही, आणि मग पुढे कुठला केतू दिसला की काय संकट येणार याची लांबलचक जंत्री. हिशोबात बसत नाही त्याचीच भीती ना? तुझा तर ठरल्या वर्षी येतो, मग घबराट कशाला, जत्रा भरेल! साठ वर्षं म्हणजे माणसाला आयुष्यात एकदाच, फार तर दोनदा, त्यामुळे जुन्या नोंदी सांभाळणारं कोणीतरी लागणारच, आणि ते तुझे पुजारीच असणार, वेध घेणारे पण तेच आणि आरती करणारे पण तेच.

भांडण हवंच असेल तर त्याची वेळ चुकू दे. आपला हॅलेचा धूमकेतू कधी 74 वर्षांनी येतो तर कधी 79, कारण गुरू-शनी त्याला ओढतात. त्याच्या 1759 च्या फेरीसाठी क्लेरो, लालांद हे फ्रेंच शास्त्रज्ञ आणि निकोल-रेन लपोत या बाईंनी कित्येक महिने हाताने आकडेमोड केली, एप्रिलचा मध्य काढला, वर महिनाभर इकडेतिकडे होईल असंही सांगितलं, आणि साहेब 13 मार्चलाच सूर्यापाशी हजर! वेधावर मांडव घातलेत, नैवेद्य तयार आहे आणि आकाश रिकामं, बघ किती मजा येईल लिहायला.

शेपटी पण वापर. ती कायम सूर्याच्या उलट बाजूला, त्यामुळे परत जाताना शेपटी पुढे आणि डोकं मागे, आपण गाभाऱ्यातून देवाला पाठ न दाखवता निघतो ना, अगदी तसं. सूर्यपूजक लोक असतील तर आख्खं पुराण रचतील यावर.

आणि घाबरणारे फक्त भाविक दाखवू नकोस हं. 1910 मध्ये हॅलेच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू सापडला, तोही शास्त्रज्ञांनाच, आणि पृथ्वी त्या शेपटीतून जाणार म्हटल्यावर लोकांनी चक्क धूमकेतूवरच्या गोळ्या विकत घेतल्या.

वार्षिक सण हवा असेल तर उल्कावर्षाव घे, हॅलेने मागे टाकलेल्या कणांमुळे आपल्याकडे मे आणि ऑक्टोबरमध्ये होतो. 21 ऑक्टोबरच्या आसपास पहाटे मृगाच्या बाजूला बघ, पण कोथरूडच्या गच्चीवरून नको, शहराबाहेर अंधारात जा.

दोन चंद्रांपैकी एक मात्र बारका कर, दोन्ही भरले तर शेपटी दिसायचीच नाही.