पेंटियम फोर भंगारात देण्याआधी त्याची मागची बाजू बघा

तुम्ही विचारलंय की घरात २००६ चा पेंटियम फोर संगणक पडून आहे, रॅम ५१२ एमबी, विंडोज एक्सपी उघडायलाच पाच मिनिटं घेतं. भंगारवाला २०० रुपये देतोय. देऊन टाकू की काही उपयोग होईल?

आधी कॅबिनेट फिरवा आणि मागं बघा. गुलाबीसर, २५ भोकांचा लांबट पोर्ट आहे का? त्याच्या शेजारी ९ टाचण्यांचा छोटा? आजच्या लॅपटॉपवर हे दोन्ही शोधून सापडत नाहीत. आमच्याकडे सोलापुरात असाच एक डबा निव्वळ या दोन पोर्टांच्या जिवावर रोज आठ तास राबतोय.

माझ्या मामांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माल किलोवर जातो, म्हणून प्रत्येक गठ्ठ्याचं वजन करावं लागतं. काट्यावरचा आकडा वहीत, वहीतला चलनावर, चलनावरचा बिलात. संध्याकाळी तिन्ही ठिकाणी तीन वेगळे आकडे, आणि मग कुणाचं अक्षर कुणाला लागत नाही यावर अर्धा तास भांडण. मी माझा जुना पीसी रिक्षात घालून नेला तेव्हा मामा म्हणाले, “काय आणलायस बे हे? भंगारात टाक की.” मी म्हटलं, मामा, तुमचे माग माझ्यापेक्षा थोराड आहेत, त्यांना कोण भंगार म्हणतं का? हसले नाहीत, पण कोपऱ्यातलं टेबल दिलं.

बऱ्याच इलेक्ट्रॉनिक काट्यांना मागं सीरियल पोर्ट (पीसीच्या त्या ९ टाचण्यांच्या पोर्टाचा जोडीदार) असतो, तो कुणी वापरत नाही एवढंच. त्यातून वजनाचा आकडा सतत बाहेर पडत असतो. मी केबल जोडली तर पडद्यावर नुसती कचरापट्टी: प्रश्नचिन्हं, चौकोन, वाट्टेल ते. काटा २४०० च्या वेगानं बोलत होता आणि पीसी ९६०० नं ऐकत होता. वेग जुळवल्यावर आकडे आले, पण गठ्ठा १२.४० किलोचा आणि पडद्यावर ०४.२१! दोन दिवस डोकं खाजवलं. नंतर कळलं की हा काटा आकडे शेवटाकडून पाठवतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ते उलटवायला एक ओळ पुरली. सगळी स्क्रिप्ट मिळून पन्नासेक ओळींची असेल: वजन स्थिर झालं की एंटर दाबायचं, नोंद फाइलमध्ये जाते आणि चलन छापलं जातं.

छापायला २५ भोकांच्या पोर्टावर जुना डॉट मॅट्रिक्स लावलाय. कार्बन लावून एका दमात तीन प्रती निघतात, ते लेझर प्रिंटरच्या बापाला जमणार नाही. एक अडचण राहिली. त्या प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नाहीत, चित्र म्हणून छापलं तर एका चलनाला चहा पिऊन होतो. म्हणून चलन इंग्रजीत निघतं. मामांना ते अजून खटकतं.

एक्सपी मात्र काढून टाका. त्याला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ लाच सोडलंय, नेटला जोडायची सोय नाही. मी त्याजागी डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, तेही डेस्कटॉपशिवाय, नुसता काळा पडदा. १३ घेऊ नका, त्यात ३२-बिट मशीनसाठी इन्स्टॉलर नाही. (उशिराचे काही पेंटियम फोर ६४-बिट होते, आधी तपासून बघा.) डेस्कटॉप हवाच असेल तर अँटीएक्स हे दुसरं लिनक्स हलकं आहे. पण यूट्यूब, बँक, जीएसटी पोर्टल यांची अपेक्षा ठेवू नका. ५१२ एमबीत आजचा ब्राउझर उघडणं म्हणजे सायकलवर मागाचा सूत गुंडाळलेला बीम वाहून नेण्यासारखं आहे.

“जुन्या पीसीचा घरगुती सर्व्हर करा” असं तुम्हाला बरेच जण सांगतील. पेंटियम फोरच्या बाबतीत ऐकू नका. नुसता बसून तो ७० वॅट घेतो असं धरलं तरी चोवीस तासांचे पावणेदोन युनिट, महिन्याला ५० युनिट. वर्षभराच्या बिलात एखादा छोटा, बिनपंख्याचा संगणक येईल. आठ तास काम आणि संध्याकाळी बंद, एवढंच त्याला परवडतं.

वापरायच्या आधी दुरुस्ती थोडीच. रॅमच्या पट्ट्या काढून पिवळ्या टोकांवर खोडरबर फिरवा. तारीख दर वेळी मागं जात असेल तर सीआर २०३२ चा सेल बदला, नाहीतर चलनावर भलतीच साल छापली जाईल. मदरबोर्डवरच्या छोट्या उभ्या डब्यांची (कॅपॅसिटरांची) डोकी फुगलेली दिसली तर मात्र त्या मशीनवर पैसे घालू नका. मशीन कारखान्यात असेल तर पंखा दर पंधरवड्याला साफ करावा लागतो. पहिल्या मे महिन्यात, बाहेर ४३ अंश असताना, आमचा डबा दुपारी आपोआप बंद पडायला लागला. उघडला तर प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताचं तूस दाबून दाबून असं बसलं होतं की चिमटीत धरून सलग घडीच निघाली. मामांनी ती हातात घेतली, चुरून बघितली आणि म्हणाले, “आपलंच सूत आहे.”

तुमच्याकडे दुकान किंवा कारखाना नसेल आणि मागं ते दोन पोर्टही नसतील, तर २०० रुपये घ्या. फक्त हार्ड डिस्क काढून ठेवा.