वाचकांचे प्रश्न : संगणकशास्त्राचा विभाग विद्यापीठात कुठून आला?

प्रश्न : माझ्या मुलीने यंदा कॉलेज रोडवरील एका महाविद्यालयात बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. वेळापत्रकात गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सचे तास पाहून ती हिरमुसली आहे. प्रोग्रामिंग शिकायचे तर हे विषय कशाला, असे ती विचारते. विद्यापीठांत संगणकशास्त्राचा विभाग कधी आणि कसा निर्माण झाला, आणि या विषयांचा त्याच्याशी काय संबंध, हे सांगाल का?
— एक पालक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या कन्येच्या वेळापत्रकातील हे तिन्ही विषय संगणकशास्त्राहून वयाने मोठे आहेत. त्यांच्याच आश्रयाने संगणकशास्त्र वाढले आणि बऱ्याच उशिरा स्वतंत्र झाले. ‘संगणकशास्त्र विभाग’ या नावाची पाटी अमेरिकेत प्रथम पर्ड्यू विद्यापीठात १९६२ साली लागली. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात १९६४ मध्ये आणि अमेरिकेतील स्टॅनफर्डमध्ये १९६५ मध्ये असा विभाग सुरू झाला. मात्र विभाग घडतो कसा, हे समजून घ्यायचे असेल तर आमच्या मते केंब्रिजचा इतिहास अधिक बोलका आहे, कारण तेथे पाटी बदलण्याच्या कितीतरी आधी काम सुरू झाले होते.

केंब्रिज विद्यापीठाने १९३७ साली ‘गणिती प्रयोगशाळा’ स्थापन केली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी अशा सर्वच शाखांतील संशोधकांना किचकट आकडेमोडीसाठी यंत्रांची मदत मिळावी, एवढाच तिचा हेतू होता. महायुद्धानंतर मॉरिस विल्क्स तिचे संचालक झाले. १९४६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक संगणकांवर झालेल्या व्याख्यानांना ते उपस्थित राहिले आणि परतल्यावर त्यांनी ‘एडसॅक’ या यंत्राची उभारणी हाती घेतली. ६ मे १९४९ रोजी या यंत्राने ० ते ९९ या संख्यांच्या वर्गांचा तक्ता छापला.

इलेक्ट्रॉनिक्सचा संबंध येथेच दिसतो. एडसॅकमध्ये सुमारे ३,००० व्हॉल्व्ह, म्हणजे विद्युतप्रवाह नियंत्रित करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, होत्या आणि आकडे साठवण्यासाठी पाऱ्याने भरलेल्या, साधारण दीड मीटर लांबीच्या पोलादी नळ्या होत्या. नळीच्या एका टोकाला असलेला स्फटिक विद्युत स्पंदाचे ध्वनिलहरीत रूपांतर करी आणि ती लहर पाऱ्यातून सुमारे एक सहस्रांश सेकंदात दुसऱ्या टोकाला पोचे. तेथे तिचे पुन्हा विद्युत स्पंदात रूपांतर होऊन, तो बळकट करून पहिल्या टोकाकडे परत पाठवला जाई. स्पंद फिरत राहिला तरच आकडा टिके. ही युक्ती युद्धकाळातील रडारच्या कामातून आलेली होती आणि विल्क्स यांनी स्वतः युद्धाच्या काळात रडारवर काम केले होते. आपली कन्या प्रयोगशाळेत फ्लिप-फ्लॉपचे सर्किट जोडील, तेव्हा एक बिट, म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक आकडा, टिकवून कसा धरायचा, याच प्रश्नाचे पुढच्या काळातील उत्तर तिच्यासमोर असेल.

गणित आणि संख्याशास्त्र आले ते यंत्राच्या वापरातून. आनुवंशशास्त्र आणि संख्याशास्त्र या दोन्ही क्षेत्रांत नाव असलेले रोनाल्ड फिशर यांनी १९५० साली जनुकांच्या प्रसाराविषयीचे एक समीकरण एडसॅकवर सोडवून घेतले. जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना उलगडताना लागणारी आकडेमोड याच यंत्रावर केली आणि १९६२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. संशोधक आपला प्रोग्राम कागदी फितीवर छिद्रे पाडून आणत, त्या फिती एका तारेवर क्रमाने अडकवल्या जात आणि यंत्रचालक त्या एकेक करून यंत्रात घाली. शेजारच्या कपाटात वर्गमूळ काढणे, साइन-कोसाइन काढणे अशा नेहमी लागणाऱ्या कामांच्या तयार फिती, म्हणजेच सबरुटीन, जपून ठेवलेल्या असत. १९५१ पर्यंत त्यांची संख्या ८० च्या वर गेली होती.

आम्हाला या सगळ्यात ते कपाट सर्वांत महत्त्वाचे वाटते. जून १९४९ मध्येच विल्क्स यांच्या लक्षात आले होते की आपल्या पुढील आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्या प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार आहे. एकदा तपासून घेतलेला भाग सर्वांनी पुन्हा पुन्हा वापरावा, तो कसा लिहावा आणि मूळ प्रोग्राममधून त्याच्याकडे जाऊन पुन्हा कसे परतावे, याची पद्धत डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने बसवली. येथे प्रथमच असा प्रश्न उभा राहिला, जो ना निव्वळ गणिताचा होता, ना निव्वळ विद्युत मंडलांचा. शिकवण्याजोगा स्वतंत्र विषय तयार होतो तो अशाच प्रश्नांतून. १९५३ मध्ये केंब्रिजने संख्यात्मक विश्लेषण आणि स्वयंचलित गणन या विषयाची एक वर्षाची पदविका सुरू केली आणि संगणनाच्या पद्धतशीर अध्यापनाची ती सुरुवात मानली जाते. ‘गणिती प्रयोगशाळा’ हे नाव मात्र १९७० पर्यंत टिकले. त्यानंतर ती ‘संगणक प्रयोगशाळा’ झाली आणि ‘संगणकशास्त्र व तंत्रज्ञान विभाग’ हे आजचे नाव तिला २०१७ मध्ये मिळाले.

प्रश्न : आपल्या देशात आणि आपल्या पुणे विद्यापीठात हे शिक्षण कधी आले?
— एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : आपल्याकडेही क्रम फारसा वेगळा नव्हता. देशातील पहिला डिजिटल संगणक कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेने १९५५-५६ च्या सुमारास ब्रिटनमधून आणला, म्हणजे येथेही गरज प्रथम संख्याशास्त्राला भासली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः बांधला आणि तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६३ साली आयआयटी कानपूरमध्ये आयबीएम १६२० हे यंत्र आले आणि १९६५ पासून तेथील विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.मध्ये संगणकशास्त्र हा पर्याय देण्यात आला. त्या वेळी तेथे शिकवणारे व्ही. राजारामन यांची पाठ्यपुस्तके पुढे देशभरातील विद्यार्थ्यांनी वापरली.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मधील, म्हणजे एडसॅक सुरू झाला त्याच वर्षाची. विद्यापीठात संगणकशास्त्र विभाग मात्र १९८० साली सुरू झाला. पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे काम याच विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात वाढले आणि ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये तेथे तयार झाला. नाशिक जिल्हा या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात असल्याने, सिन्नर-नाशिकच्या संलग्न महाविद्यालयांत आपण जी बी.एस्सी. करता, तिची पदवी याच विद्यापीठाची असते.