पावसाचा खंड आणि अतिवृष्टी, दोन्ही एकाच हंगामात: सोयाबीनच्या रानाची तयारी

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलं आहे: "सहा एकर काळं रान आहे, दरसाल सोयाबीनच असतं. 2023 ला ऑगस्ट कोरडा गेला, शेंगा भरल्याच नाहीत. 2025 ला सप्टेंबरात उभ्या पिकात पाणी साचलं. आता तयारी दुष्काळाची करायची की अतिवृष्टीची?"

दादा, दोन्हींची तयारी एकच आहे, आणि ती पेरणीच्या दिवशीच करावी लागते. नंतर फवारण्या करून त्यातलं थोडंच भरून निघतं. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दोन वर्षांनी त्याच मराठवाड्यात मांजरा, तेरणा, सीनेच्या काठची रानं खरडून गेली. यापुढे पावसाचे दिवस कमी आणि पडला की कोसळणारा पाऊस जास्त, असंच धरून चालावं लागेल. म्हणून पावसाच्या अंदाजापेक्षा रानाच्या रचनेवर माझा भर जास्त आहे.

सपाट रानात तिफणीने पेरू नका. रुंद सरी वरंबा म्हणजे बीबीएफ यंत्राने पेरा. वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी आणि दोन्ही बाजूंना फूट-दीड फुटाच्या सऱ्या. खंड पडला की सरीत मुरलेलं पाणी वरंब्याच्या पोटात राहतं आणि पीक आठ-दहा दिवस जास्त तग धरतं. पाऊस जास्त झाला तर तीच सरी पाणी बाहेर काढते आणि मुळांना हवा मिळते. काळ्या रानात पाणी दोन दिवस साचलं तरी मुळांवरच्या गाठी काम थांबवतात आणि पानं पिवळी पडतात. पाऊस चांगला होऊनही उत्पादन का येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पण यंत्र फिरवलं म्हणजे काम झालं असं नाही. सऱ्या उताराला आडव्याच हव्यात. सोयीचं म्हणून उताराच्या दिशेने यंत्र चालवलं, तर पाणी मातीसकट खाली जातं. सऱ्यांचं पाणी जिथे निघेल तिथे बांधाच्या कडेने चर काढा, आणि चराचं तोंड मातीने बंद करता येईल आणि उघडता येईल असं ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये तोंड बंद, सप्टेंबरात मोठ्या पावसाचा इशारा आला की उघडं. एवढ्या एका फावड्याच्या कामाने कितीतरी रानं वाचतात, आणि नेमकं तेच राहून जातं.

बीबीएफ मिळालं नाही तर? पीक महिन्याचं झालं की कोळप्याला दोरी बांधून किंवा बळिराम नांगराने दर चार ओळींनंतर एक मृत सरी, म्हणजे पाणी मुरायला-निघायला रिकामी सरी, काढा. पेरणीच्या वेळच्या वरंब्याइतका फायदा होत नाही, पण सपाट रानापेक्षा कितीतरी बरं. खंडात कोळपणीही चालू ठेवा. तण नसलं तरी कोळपा, कारण भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पीक दुपारी माना टाकायला लागलं, तर 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) हे विद्राव्य खत 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम घेऊन फवारा.

आणखी एक आग्रह. सहाच्या सहा एकरांत निव्वळ सोयाबीन नको. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्या. सोयाबीन सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात काढणीला येतं आणि अलीकडे मोठा पाऊस नेमका त्याच वेळी गाठतो. तूर तेव्हा फुलोऱ्याच्या आधी असते, तिचं सोटमूळ खोल असतं, म्हणून ऑगस्टचा खंडही ती काढते. मध्यम-हलक्या रानात तुरीचा बीडीएन 711 हा वाण घ्या, तो पाच महिन्यांत हाती येतो. भारी रानात बीडीएन 716 चालेल. मात्र तूरही वरंब्यावरच हवी, पाणी साचलं की खोडावरचा करपा आणि मर दोन्ही वाढतात.

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न: "घरचं सोयाबीन काढणीच्या वेळी भिजलं होतं. बियाण्याला ठेवू का विकत आणू? आणि पहिल्या पावसावर पेरलं तर चालेल का?"

ताई, सोयाबीन सरळ वाणाचं पीक आहे, संकरित नाही. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की त्यापासून आलेलं बी पुढे दोन वर्षं घरचं चालतं. पण भिजलेल्या सोयाबीनची उगवणशक्ती डोळ्यांनी कळत नाही. 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सात दिवसांनी मोजा. 70 किंवा जास्त चांगले उगवले तर एकरी 30 किलो पेरा, बीबीएफने 22 किलो पुरतं. 60 ते 70 च्या मध्ये असेल तर जितके टक्के कमी, तितका अर्धा-अर्धा किलो वाढवा. 60 च्या खाली गेलं तर ते बी पेरू नका, बाजारात द्या. आणि पोती वरून आपटू नका, सोयाबीनचं साल इतकं पातळ असतं की आपटल्यानेच उगवण उतरते.

ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आहे त्यांनी पुढच्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अर्धा-एक एकर उन्हाळी सोयाबीन फक्त बियाण्यासाठी करावं. ते पावसात सापडत नाही. काढणीच्या पावसाने दर दोन-तीन वर्षांनी बी खराब होत असेल, तर गावासाठी हाच खात्रीचा मार्ग आहे.

पेरणीची घाई नको. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय बी टाकू नका. मोबाइलवर फिरणाऱ्या अंदाजांवर पेरणी ठरवू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची हवामान सल्ला पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, ती बघा. पेरणी लांबलीच तर 15 जुलैनंतर सोयाबीनचा हट्ट सोडून बाजरी-तूर किंवा सूर्यफुलाकडे वळा. मूग-उडीद तर जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर नकोच.

हिंगोलीहून एकाने विचारलं आहे: "भाऊ म्हणतो बोअर घेऊ, मी म्हणतो शेततळं. पाच एकर कोरडवाहू आहे. काय करावं?"

शेततळं घ्या. हिशेब मांडून सांगतो. 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल, उताराच्या बाजू ठेवून काढलेल्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. एका एकराला तुषार सिंचनाने 50 मिलिमीटर पाण्याची एक पाळी द्यायला 2 लाख लिटर लागतं. अर्धं पाणी उडून-मुरून गेलं असं धरलं, तरी तुमच्या पाचही एकरांना शेंगा भरताना एक संरक्षित पाळी बसते. त्या वेळेची एक पाळी म्हणजे हाती येणारं पीक आणि वाया जाणारं पीक यातला फरक असतो. बोअरचं तसं नाही. बेसाल्टच्या खडकात पाणी लागेल याची खात्री नाही, आणि लागलं तरी शेजारच्या विहिरीच्या पोटातलंच ते असतं.

शेततळं रानाच्या खालच्या अंगाला, पावसाचं वाहतं पाणी येईल तिथेच काढा. आत पाणी येण्याआधी गाळ बसण्यासाठी छोटा खड्डा ठेवा, नाहीतर चार पावसाळ्यांत तळं भरेल गाळानेच. प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने तळी भरण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. जमिनीतलं पाणी उपसून उन्हात उडवायला ठेवणं हे सगळ्या गावाचं नुकसान आहे. अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा, आणि जागा ठरवताना सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) रानात बोलवा, कागदावर ठरवू नका.

शेवटचा प्रश्न दोघा-तिघांनी विचारला आहे, कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे रानात कार्बन साठवल्याच्या मोबदल्यात मिळणाऱ्या पैशांबद्दल. गावात माणसं येतात, सातबारा मागतात, सही घेतात. सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: करार किती वर्षांचा, जमीन विकली किंवा पीक बदललं तर काय, पैसे कधी आणि कशाच्या मोजमापावर, आणि करार मोडला तर दंड कोणावर. यातलं एकही उत्तर तोंडी मिळालं तर सही थांबवा.

पण क्रेडिट मिळो न मिळो, रानात कार्बन टिकवायचं काम आपल्या फायद्याचंच आहे. सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) आणि कपाशीची पऱ्हाटी पेटवू नका. गुळी हरभऱ्याच्या ओळींत आच्छादन म्हणून पसरा, पऱ्हाटीचा कुट्टीयंत्राने भुगा करा. बीबीएफचे वरंबे न मोडता त्यावरच हरभरा टोकला, तर नांगरट वाचते आणि आधीच्या पिकाची मुळं जागेवर कुजतात. नेरळचे कृषिरत्न चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पुनरुत्पादन तंत्राचा गाभा हाच आहे. आधी भातात सुरू झालेलं हे तंत्र आता सोयाबीन-कपाशीतही वापरलं जातं. सगळं रान एकदम बदलू नका, एका एकरापासून सुरुवात करा आणि तणाचा बंदोबस्त पहिल्या वर्षी काटेकोर ठेवा, कारण हे तंत्र फसतं ते तणामुळेच.

बीबीएफ यंत्रं गावागणिक नसतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना एकाच दिवशी लागतात. शेतकरी गटाकडे किंवा अवजारे बँकेकडे मे महिन्यातच नाव नोंदवा, चालकाला रान दाखवून ठेवा आणि आडव्या पेरणीची दिशा खुंट्या ठोकून आधीच आखून ठेवा.